मागची सीट

१

रविवारचा चहा झाला की तोलकाका बाह्या सरसावून शेडकडे वळत, आणि त्यांची बायको स्वयंपाकघरातून हाक देई, "निघाले माहेरी!"

माहेरच होतं ते. कोपऱ्यात पाने आकाराप्रमाणे टांगलेले, डब्यात ग्रीस, बाटलीत रॉकेल, खुंटीला चिंध्या आणि मधोमध लेकीची मोटारसायकल. काका आयुष्यभर वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानोदुकानी तराजू तपासत हिंडले, म्हणून गल्लीने त्यांना तोलकाका केलं. निवृत्त झाले तरी नाव काही सुटलं नाही आणि सवयही सुटली नाही. फक्त तपासायला आता ही एकच गाडी उरली होती.

लेक जनावरांची डॉक्टर. घरात तिला ठकी म्हणत. घाटापलीकडच्या वस्त्यांवर रोज गाडी मारायची, कुणाची गाय अडली, कुणाची शेळी फुगली, ते बघायचं. घाटाचा रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. म्हणून गाडीला दुसऱ्याचा हात लावू द्यायचा नाही, हा काकांचा नियम. "मेकॅनिकला घाई असते," ते म्हणत, "बापाला नसते."

गाडी डबल स्टँडवर चढवली, चेन पुसली, बोटाने वरखाली करून ढील बघितली. चेनची खरी ढील मात्र माणूस बसल्यावर कळते. वजनाने मागची बाजू खाली दबते आणि चेन ताणली जाते. हा हिशेब डोळ्यांना दिसावा म्हणून काकांनी मागच्या शॉकअपशेजारी एक पितळी पट्टी बसवली होती. तिच्यावर तीन रेघा. गाडी रिकामी असली की छोटा काटा वरच्या रेघेवर, ठकी बसली की मधल्या रेघेवर, दोघं बसले की खालच्या. असली पट्टी जगात दुसऱ्या कुठल्या मोटारसायकलला नसेल. ठकी तिला "बाबांचं थर्मामीटर" म्हणे.

त्या रविवारी पुसता पुसता काकांचा हात थांबला. मागे बसणाऱ्याचे दोन्ही फूटरेस्ट उघडे होते. गेल्या रविवारी त्यांनीच ते पुसून दुमडले होते. आणि त्यांचं रबर मधोमध झिजून गुळगुळीत झालं होतं.

"ठके, मागे कुणाला बसवत होतीस?"

ती दारात हेल्मेट पुसत उभी होती. "एका बोकडाला. हेल्मेट घालेना, मग उतरवला."

"चेष्टा नको. फूटरेस्ट उघडे आहेत."

"बाबा, मागे माझी औषधांची बॅग असते. बॅगेला पाय नसतात."

बॅगेला पाय नसतात हे खरंच होतं. काकांनी फूटरेस्ट दुमडले.

२

दुसऱ्या दिवशी ठकी निघताना ते मुद्दाम शेडमध्ये थांबले. ती बसली, बॅग मागे बांधली, स्टँड काढला. काटा मधली रेघ ओलांडून गेला आणि खालच्या रेघेवर येऊन टेकला.

काकांनी बॅग काढायला लावली आणि उचलून बघितली. चार बाटल्या, सुया, हातमोजे, एक दोरी. चारदोन किलोंचा ऐवज.

"जरा काट्यावर उभी राहा," ते म्हणाले. शेडच्या कोपऱ्यात त्यांचा जुना प्लॅटफॉर्म काटा होता.

"आता मला कसायाकडे नेणार का?" म्हणत ती उभी राहिली. वजन तिचंच होतं, उलट थोडं कमीच.

"पोरगी जाड झाली असं सरळ म्हणा ना," आतून बायको म्हणाली.

"उलट वाळलीय."

"मग तेही माझ्याच स्वयंपाकाच्या माथी मारा!"

ठकी हसत निघून गेली. काकांना मात्र दिवसभर चैन पडेना. त्यांचा एक जुना सिद्धान्त होता : काटा आपण होऊन खोटं बोलत नाही, त्याच्यात काहीतरी बिघडलेलं असतं. इथे काय बिघडलं होतं? स्प्रिंगा थकल्या असतील. त्यांनी शॉकअपची नवीकोरी जोडी आणून बसवली. स्वतः बसून बघितलं, काटा मधल्या रेघेवर. बायकोला बसवलं. "या वयात मला मोटारसायकलवर! गल्ली बघतेय," असं म्हणत ती बसली, आणि बसल्यावर उगाच भोंगाही वाजवला. काटा मधल्या रेघेवर.

संध्याकाळी ठकी आली. "जरा बस गं." ती बसली. काटा खालच्या रेघेवर.

त्यांनी चष्मा पुसला, पट्टीचे स्क्रू तपासले, तिला उतरवून पुन्हा बसवलं. चष्म्याचा दोष असेल. डोळ्यांचा असेल. डोक्याचाही असेल, वय झालं की माणसाने ती शक्यता धरून चालावं. पण चेनला हात लावला तर चेन तारेसारखी ताणलेली होती, आणि चेनला चष्मा लागत नाही.

"बाबा, झालं का? पाय दुखतायत माझे."

"मागे सरकून बस बरं."

ती सरकायला गेली आणि अर्ध्यात थांबली, भरलेल्या बाकावर माणूस थांबतो तशी. "नको," ती म्हणाली. "इथेच बरं आहे." तेव्हा काकांच्या ध्यानात आलं, की ती अगदी पेट्रोलच्या टाकीला चिकटून बसली होती.

३

पुढे त्यांनी जे केलं ते एखाद्या बेफिकीर माणसाच्या हातून कधीच झालं नसतं. त्यासाठी त्यांच्यासारखाच काळजीवाहू माणूस लागतो.

एका माणसासाठी लावलेली गाडी दोघांचं वजन घेऊन घाटात गेली, तर मागची बाजू बसते, पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर गाडी बाहेर फेकली जाते. बाहेर म्हणजे त्या घाटात कुठे, हे काकांना माहीत होतं. ते वजन कुणाचं, हा प्रश्न सुटत नव्हता. वजन आहे, एवढं मात्र पट्टी सांगत होती. आणि वजन असेल तर गाडी त्या वजनाला जुळवायची, हेच तर काम! त्यांनी दोन्ही शॉकअपची कडी फिरवून स्प्रिंगा कडक केल्या, मागच्या चाकात दोघांची हवा भरली आणि चेन दोघांच्या बेताने सैल केली. पाठ सरळ करून उभे राहिले तेव्हा फार दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

ठकी संध्याकाळी आली ती खुशीत. "बाबा, काय जादू केलीत? गाडी वळणावर जराही हलत नाही आता. रुळावरून चालल्यासारखी जाते."

"जमलं म्हणायचं," काका म्हणाले.

मग त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. वाटेत पावसाने गाठलं होतं. जॅकेटची छाती, बाह्या, गुडघे, सगळं चिंब. पाठ मात्र कोरडी ठणठणीत.

पाऊस समोरून लागतो, गाडी चालवणाऱ्याची पाठ कोरडी राहू शकते. काकांनी स्वतःची समजूत घातली आणि गाडी पुसायला घेतली. टाकी ओली, पुढची सीट ओली, मागचा दिवासुद्धा ओला. मागच्या सीटवर हात ठेवला. कोरडी होती, आणि उबदार.

कुणी नुकतंच खुर्चीतून उठून गेलं की खुर्ची असते, तशी उबदार.

त्यांनी हात काढून घेतला आणि चिंधीला पुसला. बराच वेळ पुसत राहिले. आपण काय करून बसलो, हे त्यांना हळूहळू उमजत गेलं. आजवर जे कोणी होतं ते अडचणीत, अंग चोरून बसत होतं. काकांनी त्याची बैठक नीट करून दिली होती.

४

त्यानंतर काका कामापुरतेही शेडबाहेर निघेनात.

पुढच्या रविवारी भर दुपारी गाडी शेडमध्ये एकटी उभी होती. डबल स्टँडवर घेतली की मागचं चाक अधांतरी, काट्याला अर्थ नाही. म्हणून त्यांनी ती हँडलला आणि मागच्या दांडीला दोऱ्या बांधून दोन्ही चाकांवर सरळ उभी ठेवली. काटा वरच्या रेघेवर होता. ते स्टुलावर बसून बघत राहिले. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. बायको आत भांडी लावत होती. मग स्प्रिंग कुरकुरली. बसल्या बसल्या माणूस जरा अंग सावरतो, तेवढीच. काटा सावकाश उतरला आणि मधल्या रेघेवर स्थिर झाला.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं. स्वतःचा आवाज ऐकून त्यांना लाज वाटली. दुकानदाराला दरडावल्यासारखा आवाज निघाला होता. "काय पाहिजे?"

एक फूटरेस्ट तेवढा खट्‌ करून उघडला.

बायकोला सांगितलं तेव्हा ती चेष्टा करायची विसरली. त्यांच्या कपाळाला हात लावून तिने बघितलं. "अहो, तुम्ही रात्री झोपत नाही. डॉक्टरकडे जाऊ या."

"जाऊ. तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. पण ठकीला गाडीवर जाऊ देऊ नकोस. तुझं ऐकेल ती."

"ती कुणाचं ऐकते? तुमचीच लेक."

ठकीने त्यांचंही ऐकलं नाही. "बाबा, बस तिकडे जात नाही. जीप आठवड्यातून एकदा. अडलेली गाय आठवडाभर थांबते का?"

"दुसरा डॉक्टर बघेल."

"दुसरा डॉक्टर आहे कुठे? झाडाला लागतात?"

मग त्यांनी स्पार्क प्लग काढून खिशात घातला. तिने टूलकिटमधला जास्तीचा प्लग काढला, तोंडाने फुंकर मारली, बसवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी चालू केली. "जास्तीचा प्लग जवळ ठेवावा, हे कुणी शिकवलं?" ती हसत म्हणाली.

हसू तेच होतं, गाल मात्र बसले होते. काकांनी धावत जाऊन हँडल धरलं. "ठके, पाया पडतो तुझ्या. आजचा दिवस नको जाऊस."

ती चपापली. आयुष्यात बापाच्या तोंडून असलं वाक्य तिने ऐकलं नव्हतं. "काय झालंय बाबा तुम्हाला?"

"तुझ्या मागे कुणीतरी बसतं."

ती हसेल असं त्यांना वाटलं होतं, ती हसावी असं फार वाटत होतं. पण ती हसली नाही. तिने मागे वळूनही बघितलं नाही. "घाट चढताना मला कधी कधी झोप येते," ती शांतपणे म्हणाली. "तेव्हा बरं पडतं." आणि गेली.

५

ती परत येईपर्यंतचा दिवस त्यांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. ती आली तेव्हा त्यांचा बेत ठरला होता. बसायला जागाच नाही, तर बसेल कोण?

दुसऱ्या सकाळी ठकी उठायच्या आत ते कामाला लागले. मागची सीट उतरवली. तिच्यामागची पकडायची दांडी काढली. दोन्ही फूटरेस्ट मुळापासून सोडवले. एक बोल्ट गंजून बसला होता, तो सोडवताना बोटं सोलून निघाली, पण काढलाच. मागे उरला नुसता उघडा पत्रा आणि दोन बोल्टांची भोकं. एकट्या माणसाची गाडी. मग स्प्रिंगा पुन्हा एकटीसाठी सैल केल्या, हवा उतरवली, चेन ताणली, क्लचची तार जुळवली.

"अगं बाई," बायको दारातून म्हणाली, "शेपूट कापलंत की तिचं."

"ठकीला बोलाव. लवकर."

ठकी दात घासत आली. गाडीकडे बघून तिचा चेहरा उतरला. "बस," काका म्हणाले. त्यांनी हँडल घट्ट धरलं, स्टँड काढला. ती बसली. ते गुडघ्यांवर वाकून पट्टीजवळ गेले.

काटा मधल्या रेघेवर होता.

तिथेच जमिनीवर फतकल मारून ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "एकटी! बघ, बघ, एकटी आहेस तू!" बायको पण हसली, कशाला ते न कळता. एवढ्या दिवसांत शेडमध्ये पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं.

"झालं ना समाधान?" ठकी म्हणाली. "चूळ भरून येते." ती उतरली आणि आत गेली. तिच्यामागे बायकोही गेली.

काका अजून हसतच होते. पाने गोळा करायला म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि नजर सहज पट्टीवर गेली.

काटा मधल्या रेघेवर होता.

मग त्यांच्या दुसरी गोष्ट लक्षात आली. हसण्याच्या भरात त्यांनी हँडल केव्हाच सोडलं होतं. स्टँड वर होता, दोऱ्या खुंटीला होत्या. गाडी दोन चाकांवर सरळ उभी होती, दोन्हीकडे जमिनीला पाय टेकून कुणी बसावं तशी.

"ठके!" ते ओरडले. ती तोंड पुसत आली. "बस. पुन्हा बस." तिने मुकाट्याने पाय टाकला आणि पुढच्या सीटवर टेकली. काटा केसभरही हलला नाही. "उतर." हलला नाही. "बस." नाही.

कोपऱ्यात प्लॅटफॉर्म काटा होता. तिला त्याच्यावर उभी करायचं धाडस त्यांना झालं नाही.

एकच सीट उरली होती. जो आधी बसला, त्याची ती झाली होती. आणि आपली मुलगी कुठे बसत होती, हे बघायला काकांनी मान वर केली, तर ती त्यांच्याकडेच बघत होती. खूप लांबचा प्रवास करून आलेलं माणूस बघतं तशी, पेंगुळलेली.

"बाबा," ती म्हणाली, "मला जागाच ठेवली नाहीत तुम्ही."

६

त्यानंतरचे त्यांचे हात कुणी बघितले असते तर त्याला वाटलं असतं, याला हे काम येतच नाही. बोल्ट आट्यांवर बसेना. पाना घसरला. सोललेल्या बोटांचं रक्त सीटला लागलं, ते त्यांनी शर्टाने पुसलं. दांडी उलटी लावली, पुन्हा काढून सुलटी बसवली. "थांब हं," ते पुटपुटत होते, "थांब बाळा, होतंय, आत्ता होतंय." ठकी बाजूला उभी होती. तिचा फोन वाजला. "हो, निघालेच," ती कुणाला तरी म्हणाली. "तिला उभी ठेवा, बसू देऊ नका."

मागची सीट बसली. फूटरेस्ट बसले. शॉकअपची कडी फिरवून त्यांनी स्प्रिंगा पुन्हा कडक केल्या, पंपाने हवा मारली, दम लागला तरी मारली. चेन सैल केली. जेवढं माहीत होतं तेवढं सगळं केलं. काही राहिलं तर नाही, म्हणून पुन्हा सगळे बोल्ट आवळले. गाडी अजून कशाच्याही आधाराशिवाय उभी होती. तिच्या पुढच्या भागाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"चला," ठकी म्हणाली.

तिने हेल्मेट घातलं, बॅग पाठीला लावली आणि मागच्या सीटवर बसली. रोजची जागा असावी इतक्या सहजपणे. पाय फूटरेस्टवर ठेवले. दोन्ही हात पुढे नेऊन तिने समोरच्या मोकळ्या हवेला कमरेशी विळखा घालावा तसे एकात एक गुंफले, मान तिरकी केली आणि डोळे मिटले. तिचं डोकं खाली झुकलं नाही. कशाला तरी टेकून राहिलं.

पितळी पट्टीवरचा काटा उतरू लागला आणि खालच्या रेघेवर येऊन थांबला, बरोब्बर.

डाव्या मुठीजवळ क्लचचा लिव्हर असतो. तो ओढताना आधी थोडा सैल जातो, मग तार ताणली जाते. तेवढा सैलपणा काकांनी त्या सकाळीच मोजून ठेवला होता. आता त्यांच्या डोळ्यांसमोर, कुणाचं बोट लागलेलं नसताना, तो सैलपणा अलगद नाहीसा झाला. तार ताणली गेली. लिव्हर मुठीशी येऊन थांबला.

काकांनी मागची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. ती ओढून काही होणार नाही, हे त्यांना कळत होतं. सोडवत नव्हती एवढंच. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी काट्यावरून नजर काढली, गाडीच्या पुढच्या रिकाम्या सीटकडे बघितलं आणि अनोळखी ड्रायव्हरच्या स्वाधीन आपलं माणूस करताना कुठलाही बाप जसं बोलतो, तसं अगदी अदबीने म्हणाले,

"वळणं फार आहेत हो. सावकाश न्या तिला."